टेस्टची यादी कमांड लाइनवर मावत नाही, तेव्हा काय करायचं

टेस्ट फेल झाली की निदान कुठे बघायचं ते कळतं. पण टेस्ट सुरूच झाली नाही आणि टर्मिनलवर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ एवढी एकच ओळ आली, की बहुतेक जण आधी आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. चूक तिथे नसते. टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमला हाक मारायच्या आधीच ऑपरेटिंग सिस्टिमने दार लावून घेतलेलं असतं.

मी मराठी शब्दांची सामान्यरूपं तपासणाऱ्या एका प्रणालीवर काम करतो. शब्दकोशाची फाइल बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या टेस्टची यादी आमची एक स्क्रिप्ट काढते आणि रात्रीच्या बिल्डमध्ये तेवढ्याच टेस्ट चालतात. यादी दोन-तीन हजारांची असेपर्यंत सगळं सुरळीत होतं. ती १९,००० वर गेली त्या रात्री बिल्ड वरच्या एका ओळीवर थांबला. तो दुरुस्त करताना मी केलेली चूक जास्त गंभीर होती आणि ती उघडकीला यायला तीन आठवडे लागले. या लेखाचं मुख्य कारण तीच आहे, पुढे ती ओघात येईल.

एक सूचना आधीच देतो. इथल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाइप करायच्या. चिन्हं मात्र जशी दिसतात तशीच.

आधी ओळखा, कोणती भिंत आडवी आली आहे

मर्यादा एक नाही, अनेक आहेत, आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

लिनक्सवर नवा प्रोग्रॅम सुरू करताना एक्झेकव्हीई हा सिस्टिम कॉल होतो. त्या वेळी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सगळी आर्ग्युमेंट आणि सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नव्या प्रोसेसच्या स्टॅकवर उतरवून ठेवतो. २००७ साली २.६.२३ ही कर्नल आवृत्ती येईपर्यंत या सगळ्याला मिळून १२८ केबी एवढीच जागा होती. तेव्हापासून स्टॅकच्या मर्यादेच्या एक चतुर्थांश जागा मिळते. स्टॅक साधारणपणे ८ एमबीचा असतो, म्हणून हाती येतात २ एमबी, म्हणजे २०,९७,१५२ बाइट. त्यात प्रत्येक आर्ग्युमेंटमागे शेवटचा नल बाइट आणि ६४-बिट मशिनवर आठ बाइटचा पॉइंटरही मोजला जातो.

दुसरी मर्यादा कमी लोकांना माहीत असते आणि गोंधळ तीच जास्त घालते. कोणतंही एक आर्ग्युमेंट किंवा एक व्हेरिएबल १,३१,०७२ बाइटपेक्षा मोठं चालत नाही. एकूण जागा कितीही शिल्लक असली तरी नाही. दोन्ही वेळा येणारा संदेश मात्र अक्षरशः एकच असतो, म्हणून ‘माझी यादी तर २ एमबीच्या खूप आत आहे’ असं म्हणत माणूस तासन्‌तास चक्रावतो.

मॅकओएसवर एकूण मर्यादा १०,४८,५७६ बाइट, म्हणजे १ एमबी. पॉसिक्स मानकाने हमी दिलेला किमान आकडा तर फक्त ४,०९६ आहे, त्यामुळे ‘माझ्या मशिनवर चालतं’ याला या विषयात फारसा अर्थ नाही.

विंडोजवर हिशेब बाइटचा नसून अक्षरांचा आहे. सीएमडी या शेलमधून (शेल म्हणजे आपण टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) जाणारी ओळ ८,१९१ अक्षरांपर्यंत, आणि क्रिएटप्रोसेस या मूळ कॉलमधून जाणारी ओळ ३२,७६७ अक्षरांपर्यंत. ‘द कमांड लाइन इज टू लाँग’ आलं तर पहिली भिंत समजा. जावाच्या लॉगमध्ये ‘क्रिएटप्रोसेस एरर=२०६’ दिसलं तर दुसरी. या २०६ सोबतचं वाक्य फाइलचं नाव किंवा एक्स्टेन्शन लांब असल्याचं सांगतं, आणि ते वाचून लोक फोल्डरची नावं लहान करत बसतात. त्या वाक्याकडे दुर्लक्ष करा. विंडोजच्या सेटिंगमध्ये लांब पाथना परवानगी देणारी जी नोंद आहे तीही इथे उपयोगाची नाही. ती २६० अक्षरांच्या पाथच्या मर्यादेसाठी आहे, कमांडच्या लांबीसाठी नाही.

मग मोजा

अंदाजाने काहीही बदलू नका. लिनक्सवर चार आकडे घ्या:

गेटकॉन्फ एआरजी_मॅक्स
एक्सआर्ग्ज --शो-लिमिट्स < /डेव्ह/नल
एन्व्ह | डब्ल्यूसी -सी
डब्ल्यूसी -एलसी यादी.टीएक्सटी

पहिला आकडा एकूण मर्यादा, दुसरा एक्सआर्ग्जला (लांब यादीचे तुकडे करून कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) प्रत्यक्षात किती जागा वापरता येईल ते, तिसरा तुमच्या व्हेरिएबलनी आधीच खाल्लेली जागा, चौथा यादीच्या ओळी आणि बाइट. पहिल्या आकड्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. अल्पाइनसारख्या मसल लायब्ररीवरच्या कंटेनरमध्ये तो ठरावीक १,३१,०७२ दिसतो, खाली कर्नल जास्त द्यायला तयार असला तरी.

बिल्ड सर्व्हरवर तिसऱ्या आकड्याकडे नीट लक्ष द्या. बदललेल्या फाइलींची अख्खी यादी एका व्हेरिएबलमध्ये भरून एक्स्पोर्ट करायची सवय अनेक स्क्रिप्टना असते. ते एक व्हेरिएबल १२८ केबीच्या वर गेलं की त्यानंतरची प्रत्येक बाहेरची कमांड तोच संदेश देते, अगदी साधं एलएससुद्धा. ‘एलएस’ला आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग म्हणतोय असं दिसलं, तर टेस्टच्या यादीकडे बघूच नका, एक्स्पोर्ट केलेलं व्हेरिएबल शोधा. अशी यादी एक्स्पोर्ट न करता शेलच्या साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवली तर काही बिघडत नाही.

आता एक हिशेब. एका टेस्टचं पूर्ण नाव, म्हणजे फाइलचा पाथ, क्लास आणि फंक्शन, साधारण ८० अक्षरांचं धरू. मधली जागा धरून ८१. सीएमडीत अशी सुमारे १०० नावं मावतात, क्रिएटप्रोसेसमध्ये ४०० च्या आसपास. लिनक्सवर पॉइंटर धरून एका नावाला ८९ बाइट लागतात, म्हणजे २ एमबीत जास्तीत जास्त साडेतेवीस हजार. एकाच टीममध्ये एकाला शंभराव्या टेस्टला अडचण येते आणि दुसऱ्याला ती कधी दिसतच नाही, त्याचं कारण हे.

माझी १९,००० नावं मग का मावली नाहीत? कारण ती मराठी होती. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘मार्गदर्शक’ या शब्दात काना आणि दोन हलन्त धरून दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. पण पायथनच्या टेस्ट चालवणारा पायटेस्ट हा प्रोग्रॅम पॅरामीटरच्या (टेस्टला पुरवलेल्या डेटाच्या) नावातलं आस्कीबाहेरचं प्रत्येक चिन्ह मुळात बॅकस्लॅश, यू आणि चार आकड्यांच्या रूपात लिहितो, म्हणजे चिन्हामागे सहा बाइट आणि शब्दाला ६०. आमच्या टेस्टच्या नावाचा बाकीचा भाग ४८ बाइटचा होता. ४८ अधिक ६०, वर नल आणि पॉइंटरचे नऊ: एकूण ११७. दोन एमबीला ११७ ने भागलं की १७,९०० च्या थोडं वर उत्तर येतं. शब्द जसेच्या तसे गेले असते तर २४,००० मावले असते. मराठी, हिंदी किंवा कोणत्याही भारतीय भाषेतला डेटा पॅरामीटर म्हणून देत असाल तर हा दुपटीचा हिशेब आधीच धरा. किंवा प्रत्येक पॅरामीटरला ‘आयडीज’मधून आखूड रोमन खूण द्या. रिपोर्ट वाचायलाही ते बरं पडतं.

यादी खरंच हवी आहे का

सगळ्यात स्वस्त उपाय हा आहे आणि तो लोक सगळ्यात शेवटी करून बघतात.

फोल्डरमधल्या सगळ्याच टेस्ट चालवायच्या असतील तर फोल्डरचं नाव द्या. टेस्ट शोधणं हे रनरचं, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम आहे. तारा, म्हणजे * हे चिन्ह, लावून नमुना लिहीत असाल तर तो एकेरी अवतरणात टाका. नाहीतर शेल आधी तो उलगडून हजारो नावं पुढे ढकलतो. मोकासारखे रनर अवतरणात दिलेला नमुना स्वतःच्या पोटात उलगडतात आणि तिथे ही मर्यादा लागूच होत नाही.

आधी फेल झालेल्याच टेस्ट पुन्हा चालवायच्या असतील तर यादी हाताने बनवू नका. पायटेस्टला ‘--एलएफ’ सांगा, फेल झालेल्यांची नोंद त्याच्या कॅशे फोल्डरमध्ये असतेच. बिल्ड सर्व्हरवर तेवढं फोल्डर एका रनमधून पुढच्या रनमध्ये जपून न्यावं लागतं.

कामाची विभागणी करण्यासाठी यादी हवी असेल तर अनेक रनरांत ती सोय आहे. गूगलटेस्टमध्ये ‘जीटेस्ट_टोटल_शार्ड्स’ आणि ‘जीटेस्ट_शार्ड_इंडेक्स’ ही दोन व्हेरिएबल दिली की प्रत्येक मशिन आपापला वाटा उचलतं. शंभर नावांचा फिल्टर लिहायची गरज उरत नाही.

यादी फाइलमध्ये ठेवा

यादी हवीच असेल, तर माझं मत ठाम आहे: ती कमांड लाइनवर नको, फाइलमध्ये हवी. कमांड लाइन ही सूचना देण्याची जागा आहे, माल वाहून नेण्याची नाही. फाइलला लांबीची मर्यादा नाही, ती बिल्डसोबत जपून ठेवता येते, आणि ‘त्या रात्री नेमकं काय चालवलं’ या प्रश्नाला उत्तर मिळतं.

तुमच्या रनरला फाइल वाचता येते का ते बघा. पायटेस्टला ८.२ या आवृत्तीपासून येतं:

पायटेस्ट @यादी.टीएक्सटी

एका ओळीवर एक आर्ग्युमेंट. नावात जागा, चौकटी कंस, बॅकस्लॅश काहीही असलं तरी शेल मध्ये पडत नाही, त्यामुळे ते जसंच्या तसं पोहोचतं. सीटेस्टमध्ये सीमेक ३.२९ पासून ‘--टेस्ट्स-फ्रॉम-फाइल’ आहे. पर्लच्या प्रूव्हला नुसतं उणे चिन्ह दिलं की तो यादी स्टँडर्ड इनपुटवरून घेतो. गूगलटेस्टला ‘--जीटेस्ट_फ्लॅगफाइल’, बेझलला ‘--टार्गेट_पॅटर्न_फाइल’. जीसीसी आणि मायक्रोसॉफ्टचा लिंकर यांनाही ॲट चिन्हाने सुरू होणारी फाइल चालते, त्यामुळे टेस्ट बिल्ड करतानाच अडलात तरी वाट तीच.

पायटेस्टची आवृत्ती जुनी असेल किंवा यादी वीस-तीस हजारांची असेल, तर मी कॉन्फटेस्ट फाइलमध्ये एक छोटं हुक लिहितो. नाव ‘पायटेस्ट_कलेक्शन_मॉडिफायआयटम्स’. त्यात करायचं एवढंच: यादीच्या फाइलचा पाथ एका व्हेरिएबलमधून घ्यायचा (पाथ, यादी नव्हे), ओळी एका सेटमध्ये भरायच्या, गोळा झालेल्या प्रत्येक टेस्टचा ‘नोडआयडी’ (पूर्ण नाव) त्या सेटमध्ये आहे का बघायचं, असेल तर ठेवायचा, नसेल तर ‘पायटेस्ट_डिसिलेक्टेड’ला कळवून वगळायचा. शेवटी सेटमधली एखादी ओळ कुठल्याच टेस्टशी जुळली नसेल तर ‘यूसेजएरर’ उचलून रन तिथेच थांबवायचा. ही शेवटची तपासणी गाळू नका. टेस्टचं नाव बदललं आणि यादीत जुनंच राहिलं, तर हुक तिला गुपचूप सोडून देईल आणि कोणाला पत्ता लागणार नाही. नोडआयडीतला पाथ प्रोजेक्टच्या मुळापासून आणि उजवीकडे झुकलेल्या स्लॅशने लिहिलेला असतो, विंडोजवरसुद्धा, हे यादी बनवताना ध्यानात ठेवा.

तुकडे पाडायचे असतील तर

काही रनरांना फाइल वाचता येत नाही. तिथे यादीचे तुकडे पाडून एकेक हप्ता चालवावा लागतो. एक्सआर्ग्ज त्यासाठीच आहे:

फाइंड टेस्ट्स -नेम 'टेस्ट_*.पीवाय' -प्रिंट० | एक्सआर्ग्ज -० -आर -एन ३०० पायटेस्ट

‘-प्रिंट०’ आणि ‘-०’ ही जोडी दोन नावांच्या मध्ये नल बाइट घालते, म्हणून जागा असलेलं नाव तुटत नाही. ‘-आर’मुळे यादी रिकामी असेल तर कमांड चालतच नाही. ते नसेल तर जीएनयू एक्सआर्ग्ज पायटेस्टला एकही आर्ग्युमेंट न देता एकदा चालवतो, आणि पायटेस्ट आनंदाने सगळ्याच टेस्ट चालवायला घेतो. ‘-एन ३००’ दिलं नाही तरी एक्सआर्ग्ज मर्यादेच्या आत तुकडे पाडतोच, पण किती तुकडे पडले ते मशिनगणिक बदलतं. आकडा ठरवून दिला की रन दर वेळी सारखाच होतो. गिटमधून यादी घेत असाल तर ‘गिट डिफ --नेम-ओन्ली -झेड --डिफ-फिल्टर=एसीएमआर’. शेवटच्या भागामुळे खोडून टाकलेल्या फाइली यादीत येत नाहीत.

यादी फाइलमध्ये ओळीओळींनी असेल तर एक सापळा आहे. ‘-०’ नसताना एक्सआर्ग्ज बॅकस्लॅश आणि अवतरणं स्वतःच खातो. माझ्या मराठी नावांतला प्रत्येक बॅकस्लॅश असाच गळून पडला, ‘यू०९१५’ एवढंच उरलं, आणि पायटेस्टने अशी टेस्टच नाही म्हणून चार नंबरचा एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा) परत केला. एक नाव सापडलं नाही की त्या हप्त्यातली एकही टेस्ट चालत नाही. उपाय सोपा आहे, ओळींचे नल करून घ्या:

टीआर '\एन' '\०' < यादी.टीएक्सटी | एक्सआर्ग्ज -० -आर -एन ३०० पायटेस्ट

जीएनयू एक्सआर्ग्जमध्ये ‘-डी’ने विभाजक सांगता येतो, पण वरची ओळ मॅकवरही चालते, म्हणून मी तीच वापरतो.

आता रिझल्टचं बघू. प्रत्येक हप्ता वेगळी प्रोसेस आहे. सगळ्या हप्त्यांना ‘--ज्युनिटएक्सएमएल=रिझल्ट.एक्सएमएल’ असं एकच नाव दिलं तर प्रत्येक जण आधीच्याची फाइल पुसतो आणि शेवटी फक्त शेवटच्या तीनशेंचा रिपोर्ट हाती येतो. कव्हरेजचंही तेच, तिथे ‘--कव्ह-अपेंड’ लागतं. सेशनभर एकदाच चालावी म्हणून लिहिलेली तयारी, उदाहरणार्थ डेटाबेस उभा करणं, आता हप्त्यागणिक चालेल. हप्ते लहान ठेवले तर वेळ सगळा त्यातच जातो. ‘-पी ४’ देऊन चार हप्ते एकदम चालवायचे असतील तर चौघांना चार वेगळे डेटाबेस द्या.

रिपोर्टची नावं वेगळी करण्यासाठी मधे एक शेल घालावं लागतं. इथे मी चुकलो. मी लिहिलं होतं:

एक्सआर्ग्ज -० -आर -एन ३०० एसएच -सी 'पायटेस्ट --ज्युनिटएक्सएमएल=आउट/$$.एक्सएमएल "$@"'

वाचताना यात काही खटकत नाही. चाललंही छान, बिल्ड हिरवा. पण ‘-सी’नंतरच्या मजकुरापुढे येणारं पहिलं आर्ग्युमेंट शेल स्वतःचं नाव म्हणून, म्हणजे डॉलर-शून्य म्हणून ठेवून घेतं. ‘$@’ सुरू होतं ते त्याच्या पुढच्यापासून. म्हणजे प्रत्येक हप्त्यातली पहिली टेस्ट रोज गायब होत होती. १९,००० ओळी, ३०० चे हप्ते, एकूण ६४ हप्ते, रोज न चाललेल्या ६४ टेस्ट. त्यांतल्या एकीने पकडली असती अशी सामान्यरूपाची चूक तीन आठवडे वापरणाऱ्यांसमोर राहिली. ती कळली तीही योगायोगाने, रिपोर्टमधली बेरीज १८,९३६ का येते असं एका सहकारी मैत्रिणीने विचारलं म्हणून. दुरुस्ती एका अक्षराची होती. शेवटच्या अवतरणानंतर एक जागा सोडून एक अधोरेषा टाकायची:

एक्सआर्ग्ज -० -आर -एन ३०० एसएच -सी 'पायटेस्ट --ज्युनिटएक्सएमएल=आउट/$$.एक्सएमएल "$@"' _

ती अधोरेषा डॉलर-शून्यची जागा घेते आणि तुमची टेस्ट वाचते.

एक्झिट कोडही नीट समजून घ्या. कोणत्याही हप्त्याने १ ते १२५ मधला कोड दिला तर एक्सआर्ग्ज बाकीचे हप्ते चालवतो आणि शेवटी १२३ देतो. हे आपल्याला हवं तसंच आहे. पण हप्त्याने २५५ दिला तर एक्सआर्ग्ज तिथेच थांबतो, १२४ देतो, आणि पुढचे हप्ते चालतच नाहीत. पीएचपीत फेटल एरर आली की नेमका २५५ मिळतो, म्हणून पीएचपीयुनिट असा चालवत असाल तर मधल्या शेलमध्ये तो कोड १ करून परत करा. आणि लॉग ठेवायला पुढे ‘| टी लॉग’ जोडत असाल तर बॅशमध्ये आधी ‘सेट -ओ पाइपफेल’ हवंच. नाहीतर कोड मिळतो तो ‘टी’चा, आणि टी जवळजवळ नेहमी यशस्वी होतो.

मेकमधून चालवताना

मेक, म्हणजे बिल्डचे टप्पे चालवणारा प्रोग्रॅम, रेसिपीची (एका टप्प्यात चालवायच्या कमांडची) ओळ साधी असेल तर थेट चालवतो. तिच्यात पाइप, अवतरण, तारा असं काही असलं की ती अख्खी ओळ ‘/बिन/एसएच -सी’ला एकच आर्ग्युमेंट म्हणून देतो. म्हणजे इथे २ एमबीची नाही, १,३१,०७२ बाइटची भिंत लागते, आणि ८० अक्षरी नावं सोळाशेच्या आसपासच मावतात. पायथनमध्ये सबप्रोसेसला ‘शेल=ट्रू’ देणं, नोडमध्ये ‘एक्झेक’ वापरणं, डॉकरमध्ये ‘एसएच -सी’ने लांब ओळ पाठवणं, या सगळ्यांत हेच घडतं. पायथन आणि नोडमध्ये शेल काढून आर्ग्युमेंट लिस्ट म्हणून द्या, मर्यादा लगेच वाढते आणि अवतरणांची कटकटही जाते.

जीएनयू मेक ४.० पासून ‘फाइल’ नावाचं फंक्शन आहे. मेक स्वतः फाइल लिहितो, शेलला मध्ये घेत नाही. आधी रिकामी फाइल करायची, मग फॉरईचने एकेक नाव जोडत जायचं:

$(फाइल >यादी.टीएक्सटी)
$(फॉरईच टी,$(टेस्ट्स),$(फाइल >>यादी.टीएक्सटी,$टी))

मग रेसिपीत ‘पायटेस्ट @यादी.टीएक्सटी’.

जावा आणि विंडोज

जावात बहुतेक वेळा टेस्टची नावं नव्हे, क्लासपाथ, म्हणजे कोड जिथे शोधायचा त्या जार फाइलींची यादी, लांब होतो. शेकडो जार, प्रत्येकाचा पूर्ण पाथ, आणि विंडोजवर ३२,७६७ संपायला वेळ लागत नाही. जेडीके ९ पासून ‘जावा’ कमांडलाही ॲट चिन्हाची फाइल देता येते. क्लासपाथ त्या फाइलमध्ये लिहा आणि ‘जावा @ऑप्शन्स.टीएक्सटी’ म्हणा. अवतरणातल्या पाथमध्ये बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो. विंडोजवरही सरळ स्लॅश चालतो, तोच वापरा. सगळे जार एका फोल्डरमध्ये असतील तर ‘लिब/*’ पुरतं, मात्र ते आतल्या फोल्डरांत उतरत नाही आणि जारचा क्रम ठरलेला नसतो.

जुन्या जावासाठी वाट आहे ती फक्त मॅनिफेस्ट असलेल्या रिकाम्या जारची. क्लासपाथ त्याच्या मॅनिफेस्टमध्ये लिहायचा आणि कमांडवर तो एकच जार द्यायचा. मेव्हनचा शुअरफायर मुळातच हे करतो. इंटेलिजे आयडियात रन कॉन्फिगरेशनमध्ये ‘शॉर्टन कमांड लाइन’ हा पर्याय आहे, तिथे जार मॅनिफेस्ट किंवा आर्गफाइल (तीच ॲट चिन्हाची फाइल) निवडा. जावा ९ किंवा नंतरचा असेल तर मी आर्गफाइलच सुचवेन. मॅनिफेस्टच्या वाटेत ‘जावा.क्लास.पाथ’ विचारणाऱ्या कोडला एकच जार दिसतो, आणि क्लासपाथ चाळून काही शोधणाऱ्या टेस्ट विनाकारण फेल होतात.

विंडोजवर आणखी एक. पॉवरशेलमधून थेट ईएक्सई चालवलं तर ३२,७६७ पर्यंत मुभा असते, पण एनपीएमने बसवलेला जेस्ट, मेव्हन, ग्रेडल यांचे दरवाजे बहुतेक वेळा सीएमडी किंवा बॅट फाइलचे असतात. ते सीएमडीतूनच जातात, म्हणून ८,१९१ लागू होतं. जेस्टसाठी ‘नोड’ला थेट त्याच्या जेएस फाइलचा पाथ देऊन चालवा, चौपट जागा मिळते. तेही पुरलं नाही तर फाइल किंवा तुकडे.

मर्यादा वाढवून बघू का?

लिनक्सवर वाढवता येते. ‘यूलिमिट -एस १६३८४’ म्हटलं की स्टॅक १६ एमबी होतो आणि आर्ग्युमेंटला ४ एमबी मिळतात. पण कर्नल ४.१३ पासून ६ एमबीच्या वर काहीही केलं तरी जाता येत नाही. गेटकॉन्फ मोठा आकडा दाखवेल, कर्नल तो पाळणार नाही. एका आर्ग्युमेंटची १२८ केबीची मर्यादा तर यूलिमिटने हलतच नाही. शिवाय हा बदल त्या एका शेलपुरता आणि त्या एका मशिनपुरता असतो. रात्री अडलेला बिल्ड सकाळपर्यंत पुढे ढकलायला मी तो वापरेन, पण कायमची सोय म्हणून नाही.

किती पोहोचल्या ते मोजा

आमच्या त्या ६४ टेस्टनंतर मी रनरच्या आधी एक नोंद ठेवू लागलो. मधल्या शेलच्या मजकुरात पायटेस्टच्या आधी एवढं घाला:

प्रिंटएफ '%एस\एन' "$@" >> पोहोचल्या.$$ ;

प्रत्येक हप्ता आपल्याला मिळालेली नावं स्वतःच्या फाइलमध्ये लिहितो. प्रिंटएफ हे शेलच्या आतलंच असल्यामुळे इथे लांबीचा प्रश्न येत नाही. सगळे हप्ते संपले की या फाइली एकत्र करून सॉर्ट करा, मूळ यादी सॉर्ट करा, आणि ‘कॉम -३’ने तुलना करा. एकही ओळ निघाली तर बिल्ड लाल. नाव पोहोचलं पण टेस्टच सापडली नाही, हे पायटेस्टचा चार नंबरचा कोड सांगतोच, त्यामुळे दोन्ही बाजू झाकल्या जातात. रनच्या सुरुवातीला जुन्या ‘पोहोचल्या’ फाइली पुसायला विसरू नका, नाहीतर कालच्या नोंदी आजची कमतरता भरून काढतील.

आणि ही सगळी व्यवस्था खऱ्या टेस्टवर लावायच्या आधी खोट्या यादीवर चालवून बघा. ‘सेक’ कमांडने एक ते ५०,००० आकडे काढा, प्रत्येकापुढे आपल्या नेहमीच्या पाथइतका लांब मजकूर जोडा, मधल्या काही ओळींत मुद्दाम जागा, अवतरण, बॅकस्लॅश आणि एक-दोन मराठी शब्द टाका, आणि पायटेस्टच्या जागी ‘/बिन/ट्रू’ ठेवा. ट्रू म्हणताना पूर्ण पाथ द्या. नुसतं ‘ट्रू’ शेलच्या आतलं असतं, त्याला ही मर्यादा लागत नाही, आणि तुमची चाचणी काहीच न तपासता पास होईल. शेवटी ‘कॉम’चं उत्तर रिकामं आलं, की मग ट्रू काढून पायटेस्ट परत लावा.